कहा-सुना माफ

हजला निघालेल्या माणसाचा निरोप आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. घरासमोर मंडप, दारावर फ्लेक्स, फ्लेक्सवर टोपी घातलेल्या हाजीसाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात कुणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा. असरच्या नमाजनंतर नात, मग मौलाना साहेबांचे हजच्या फजिलतीवर चार शब्द, दुआ, आणि त्यानंतर दावत. शेवटी गुलपोशी. हारांच्या ओझ्याने मान वाकलेली असते, आणि त्या वाकलेल्या मानेनेच निघणारा माणूस माइक हातात घेऊन म्हणतो, ‘भाइयों, कहा-सुना माफ करना.’ समोरून दोनशे तोंडांतून एकदम उत्तर येते, ‘माफ किया, माफ किया, हमारे लिए दुआ करना.’ पडद्यापलीकडे बसलेल्या आम्हा बायकांना हे सगळे लाउडस्पीकरवरून ऐकू येते. आम्हीही आपापल्या जागी ‘माफ किया’ पुटपुटतो आणि मुलांच्या चपला शोधू लागतो.

या एका वाक्याने नेमके काय घडते, हा माझा प्रश्न आहे. कुणी कुणाला खरोखर माफ केले का? आणि माफ केले असेल तर काय माफ केले? मी आलिमा नाही. उर्दू शाळेत शिकवणारी एक बी.एड. बाई आहे. फतवा देणे माझे काम नाही आणि तशी हौसही नाही. पण जो प्रश्न दरवर्षी आपल्या मोहल्ल्यात माइकवरून विचारला जातो, त्यावर विचार करायला सनद लागू नये.

हा निरोप ज्या काळात घडला, तो काळ आधी समजून घेतला पाहिजे. आमच्या हिंगण्यातून समुद्र कुठूनच दिसत नाही. वेणा नदी आहे, तीही उन्हाळ्यात ओहोळ होऊन जाते. माझ्या नानीने आयुष्यात समुद्र पाहिला नाही. पण समुद्राची भीती तिने चार महिने उशाशी घेऊन झोपून काढली आहे. नाना १९७८ साली मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेले. पैसे एकाच माणसाचे जमले होते, म्हणून एकटे गेले. पत्र्याच्या ट्रंकेत सत्तू, भाजलेले चणे, लिंबाचे लोणचे, पोटदुखीचे औषध, दोन कपड्यांचा इहराम, आणि सगळ्यात तळाशी कफनाचे कापड. हे कापड जमजमच्या पाण्यात भिजवून परत आणायचे, अशी पद्धत होती. नानी सांगायची, ‘ट्रंक मी भरली, पण ते कापड त्यांनी स्वतः ठेवले. मला हात लावू दिला नाही.’

नागपूरहून हावडा-मुंबई मेल. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, जहाजाची तारीख लागेपर्यंत. मुंबई ते जेद्दा हे अंतर सुमारे २३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर. जुन्या जहाजांना त्यासाठी १२ ते १५ दिवस लागत. त्याआधीच्या पिढ्यांना तर तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनमध्ये दिवस काढावे लागत, ते वेगळेच. ही जहाजसेवा फार जुनी. १८७७ साली मुंबईत बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी निघाली, तीच पुढे मोगल लाइन झाली. १९९५ साली ही समुद्री वाट बंद झाली आणि सगळा कारभार विमानाकडे गेला.

वाटेत कुणाचा इंतकाल झाला तर जहाजावरच गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, आणि मग मय्यत समुद्राच्या हवाली. घरच्यांना कळायचे ते मागाहून, पत्राने किंवा तारेने. कबर नाही, फातिहा पढायला जागा नाही. नानीने हे ऐकलेले होते. त्यामुळे नाना निघाले त्या दिवशी जेवण झाले, गोड झाले, दंडाला इमाम-जामिन बांधला गेला, पोरांनी उड्या मारल्या, पण मोठ्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते की ही कदाचित शेवटची भेट आहे. निघणाऱ्याने ‘कहा-सुना माफ’ म्हटले की ते मरणाऱ्या माणसाचे वाक्य असू शकत होते. ऐकणाराही त्याच जाणिवेने उत्तर देत होता. उद्या हा माणूस समुद्रात गेला तर माझा हिशेब राहून जाईल, असे दोन्ही बाजूंना वाटे.

तेव्हा दावत आणि मृत्यू एकाच मंडपात बसलेले होते. आता मृत्यू उठून गेला आहे. नागपूरच्या विमानतळावरून हजची विमाने जातात, पाच-सहा तासांत माणूस अरबस्तानात उतरतो, आणि उतरल्या उतरल्या व्हिडिओ कॉल करतो. मुक्काम चाळीस दिवसांचा. दररोज इशानंतर घरच्यांना काबा दाखवला जातो. माझी तक्रार नाही. माझ्या अम्मीलाही मी विमानानेच पाठवीन, जहाजाने नाही. पण मंडपातून मृत्यू उठून गेल्यावर ते वाक्य तसेच राहिले, त्याच्यामागचा धाक तेवढा गेला. आपण त्या रिकाम्या जागी काय ठेवले? माझे मत विचाराल तर, फ्लेक्स ठेवला.

इतिहासात निरोपाच्या दोन गोष्टी मला नेहमी आठवतात. एक गुलबदन बेगमची. हुमायूनची बहीण, अकबराची फूफी. १५७५ साली ती शाही घराण्यातल्या बायकांना घेऊन फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. शाही लवाजम्यातला निरोप, पण सुरतेला आल्यावर सगळे अडले. समुद्रावर पोर्तुगिजांचा ताबा, त्यांचा परवाना मिळाल्याशिवाय जहाज हलेना. सुरतेला ‘बाबुल मक्का’ म्हणत, मक्केचा दरवाजा, पण त्या दरवाज्यात या बायका जवळजवळ वर्षभर बसून राहिल्या. १५७६ साली जहाज सुटले आणि त्या परत आल्या १५८२ साली. म्हणजे ज्यांनी निरोप दिला त्यांनी सात वर्षे वाट पाहिली. बादशहाच्या घरातही तेव्हा निरोप म्हणजे हाच होता.

दुसरी गोष्ट आपल्या दाभोळची, रत्नागिरी जिल्ह्यातली. खाडीच्या काठी जुनी घुमटाची मशीद आहे. तिची कथा अशी सांगतात की विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली शहजादी आयेशा बीबी मोठ्या लवाजम्यासह, २० हजार स्वार आणि १५ लाख रुपये घेऊन, मक्केला जायला म्हणून दाभोळला आली. समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता, तिला पुढे जाता आले नाही. मग तोच पैसा तिने ही मशीद बांधण्यावर घातला. बांधकाम १६५९ साली सुरू झाले असे म्हणतात. स्वारांचा आकडा, रुपयांचा आकडा लोककथेत फुगलेला असणार, ते सोडून देऊ. मला कुतूहल वेगळेच आहे. विजापुरात तिने सगळ्यांचा निरोप घेतला असेल, कहा-सुना माफ करून घेतले असेल. आणि ती गेलीच नाही. मग त्या माफीचे काय झाले? प्रवास रद्द झाला म्हणून माफीही रद्द होते का?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण तो आपल्यासमोर परवा-परवा येऊन गेला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळे भारतातून कुणीच हजला जाऊ शकले नाही. २०२० च्या कुर्‍यात नाव निघालेले आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग होते. किराणा दुकान होते त्यांचे. नाव निघाल्यावर त्यांनी उधारीची वही काढली. ज्यांच्याकडून येणे होते त्यांच्याकडे गेले नाहीत, ज्यांचे देणे होते त्यांच्याकडे गेले. भावाशी वीस वर्षांचा अबोला होता, तो सोडवला. एका माणसाला वजनात कमी दिले होते, असे त्यांना पक्के आठवत होते. त्याच्या घरी दहा किलो तांदूळ पोहोचवले आणि का पोहोचवले तेही सांगितले. मग हज रद्द झाला, पैसे परत आले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ते गेले. त्यांच्यासाठी मंडप पडला नव्हता, हार घातले गेले नव्हते, कुणी माइकवर काही बोलले नव्हते. त्यांनी सगळे आधीच केले होते आणि तेही एकेका दारात जाऊन.

दीनची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा, हे आपण सगळे लहानपणी मकतबमध्ये शिकलो. खरा मुफलिस कोण, ही हदीसही सगळ्यांना पाठ आहे. कयामतच्या दिवशी नमाज-रोजांचे ढीग घेऊन येणारा, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, आणि मग त्याच्या नेक्या एकेका दावेदाराला वाटून संपून जातात. इमाम गझालींनी (इंतकाल ११११) ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हजच्या प्रकरणात, निघण्याआधी काय काय करावे ते सांगितले आहे. तौबा करावी, ज्यांच्यावर जुलूम केला त्यांचे हक्क परत द्यावेत, कर्ज फेडावे, परत येईपर्यंत घरच्यांच्या खर्चाची तजवीज करावी, लोकांच्या अमानती परत कराव्यात. क्रम बघा. आधी परत करायचे आहे. आपण परत करण्याची पायरी गाळून थेट माफी मागण्याच्या पायरीवर येतो, कारण ती फुकट आहे.

घरच्यांच्या खर्चाची तजवीज हीही काही सांगण्यापुरती बाब नव्हती. इंग्रजी अमदानीत किती तरी गरीब हाजी एकाच बाजूचे भाडे जमवून जात आणि जेद्दाच्या किनाऱ्यावर अडकून पडत. शेवटी सरकारला परतीच्या तिकिटाची सक्ती करावी लागली. त्यांची श्रद्धा मोठी होती यात शंका नाही. पण इकडे मागे राहिलेल्या बायको-मुलांचे काय चालले असेल, हे त्या श्रद्धेच्या कौतुकात कुणी लिहून ठेवले नाही. निरोप देणाऱ्यालाही पोट असते. नानांनी नानीला चार महिन्यांचे धान्य, रोख रक्कम, आणि कुणाकडून किती येणे आहे त्याचा कागद दिला होता. नानीला वाचता येत नव्हते म्हणून त्या कागदावर नावांऐवजी खुणा होत्या. सुताराच्या नावापुढे करवत, दूधवाल्यापुढे लोटा.

समुद्रावरच्याच एका घटनेत मागे राहणाऱ्यांचा प्रश्न फार उघडा होऊन समोर येतो. १८८० साली ‘जेद्दा’ नावाचे जहाज सिंगापूर-पिनांगकडून सुमारे साडेनऊशे हाजींना घेऊन निघाले. वादळात जहाजात पाणी शिरू लागले. कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी एका होडीत बसून, हाजींना तसेच सोडून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलले, आणि एडनला पोहोचून त्यांनी सांगितले की जहाज बुडाले. पण जहाज बुडाले नव्हते. ‘अँटेनॉर’ नावाच्या बोटीने ते ओढत एडनला आणले, आणि त्याबरोबर हाजीही आले. जोसेफ कॉनराडने या घटनेवरून ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली, १९०० साली. इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना त्यात त्या पळून गेलेल्या गोऱ्या तरुणाच्या मनाची तगमग भावली. मला मात्र ते साडेनऊशे लोक दिसतात. ज्यांच्या हवाली आपण होतो, ते न सांगता गेले, हे त्यांना सकाळी कळले असेल. कहा-सुना माफ म्हणायची तसदीही त्या लोकांनी घेतली नाही. आपले मंडप निदान त्याहून बरे, हे मान्य केले पाहिजे.

आता माझ्या शाळेतले थोडे सांगते. मुलांमध्ये भांडण झाले की शिक्षक दोघांना उभे करतो आणि म्हणतो, ‘चल, सॉरी बोल.’ एक जण सॉरी म्हणतो. दुसरा ‘कोई बात नहीं’ म्हणतो. कुणीही शिक्षकाने त्या क्षणी मुलांचे डोळे बघावेत. सॉरी म्हणणारा समोरच्या मुलाकडे बघत नसतो, तो माझ्याकडे बघत असतो. ‘कोई बात नहीं’ म्हणणाराही माझ्याकडेच बघत असतो. दोघेही मला उत्तर देत असतात, एकमेकांना नाही. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. वर्ग पुढे चालवायचा असतो, इतिहासाचा धडा राहिलेला असतो. खरी माफी झाली की नाही ते मधल्या सुट्टीत कळते. मी नसताना एक जण खिशातली बोरे काढतो आणि दुसऱ्याच्या हातावर दोन ठेवतो. दुसरा ती खातो किंवा फेकून देतो. फेकून द्यायची मुभा असते, म्हणून खाण्याला अर्थ असतो.

मंडपातल्या माफीत ही मुभा नसते, आणि माझा सगळा वाद एवढ्यापुरताच आहे. आमच्याकडची एक हकिकत सांगते, ओळखीच्या खुणा पुसून. एक भाऊ हजला निघाला. वडिलांच्या पश्चात हिंगणा रस्त्यालगतचा प्लॉट त्याच्या नावावर झाला होता. पूर्वी त्या प्लॉटला कुणी विचारत नव्हते. मग एमआयडीसी वाढली, शहर इकडे सरकले, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली आणि भाव कुठल्या कुठे गेला. बहिणीचा शरई हिस्सा भावाच्या निम्मा, याची माहिती भावाला होती, बहिणीलाही होती. तो कधी दिला गेला नाही, आणि तिने कधी मागितला नाही, कारण मागितला तर माहेर तुटते. मंडपात माइकवरून वाक्य आले, ‘कहा-सुना माफ करना.’ पडद्याआड बसलेल्या बायकांनी ‘माफ किया’ म्हटले. तिनेही म्हटले. शेजारच्या खालाने तर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, ‘बेटी, भाई जा रहा है, दिल साफ रख.’

आता सांगा, तिने काय माफ केले? प्लॉट? तसे असेल तर दोन शब्दांत लाखो रुपयांचा व्यवहार झाला, ना कागद, ना साक्षीदार, ना रकमेचा उच्चार. आपण कुणीही बाजारात असा व्यवहार करणार नाही. आणि प्लॉट माफ केला नसेल, तर भाऊ कोणत्या मनाने गेला? ‘कहा’ आणि ‘सुना’ यांच्यात ‘घेतले’ कुठे बसते? भाषेच्या दृष्टीनेही हे वाक्य बोलण्या-ऐकण्यापुरतेच आहे. रागाने निघालेले शब्द, कानावर आलेली चहाडी, एवढ्यासाठी ते बनलेले आहे आणि एवढ्यासाठी ते सुंदर आहे. आपण त्याच्या खाली जमिनीही दडपतो.

माझ्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांशी मी हे बोलले. दीनियात शिकवतात, साधा माणूस. ते म्हणाले, ‘आपा, दिलों का हाल अल्लाह जाने. तिने माफ म्हटले ना? शरीअत जाहिरावर चालते. कुणाच्या मनात काय होते हे आपण कसे ठरवणार?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. माणसांच्या मनात डोकावून निवाडे देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाती कुणाचीही इज्जत सुरक्षित राहत नाही. पण सरांचे म्हणणे तिऱ्हाइताला लागू आहे. मी, तुम्ही, मोहल्ला, यांनी त्या भावाबद्दल काही बोलू नये, हे ठीक. तो भाऊ मात्र स्वतःच्या बाबतीत तिऱ्हाईत नाही. आपण काय घेतले ते त्याला ठाऊक आहे. त्याला कुणाच्या मनात डोकावायचे नाही, फक्त स्वतःच्या कपाटातला सातबारा काढून बघायचा आहे. जाहिराचाच नियम लावायचा, तर सातबाऱ्याइतके जाहीर दुसरे काय असते?

नानीचे म्हणणे वेगळे होते, आणि तिच्यापुढे मी जरा नमते घेते. ती म्हणायची, मंडप नसता तर एवढेही कुणी बोलले नसते. माणूस भित्रा असतो, एकट्याने माफी मागायला त्याचे पाय उचलत नाहीत. दहा जण मागतात तेव्हा अकराव्याला बळ येते. हे खरे आहे. मंडपात मी अबोला सुटलेला पाहिला आहे. शेजारचे संत्र्याच्या बागेवाले काका शाल आणि नारळ घेऊन येतात, हाजीसाहेबांच्या पायाला हात लावू बघतात, ते मागे सरकतात, मग दोघे मिठी मारतात. ज्यांना आयुष्यात कधी मक्का दिसणार नाही अशी माणसे निघणाऱ्याचा हात हातात धरून सांगतात, माझा सलाम पोहोचवा, माझ्या पोरीचे लग्न जमत नाही, तिच्यासाठी दुआ करा. त्या हातात हात देण्यात जे आहे ते मी उधळपट्टी म्हणून मोडीत काढणार नाही. आनंद करावा, गोडधोड करावे. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला कोरड्या तोंडाने धाडू नये, एवढी रीत आपण पंढरीला निघालेल्या वारकऱ्याच्या शेजारी राहूनही शिकलो असतो. दिखाव्याचा भाग वेगळा. कर्ज काढून पाचशे माणसांना जेवू घालणाऱ्याने निदान त्या कर्जाची गणना गझालींच्या यादीत करावी, यापलीकडे मी त्यावर शब्द खर्चणार नाही.

पण नानीकडूनच मला नानांची एक हकिकत कळली, आणि ती तिच्याच म्हणण्याला छेद देणारी आहे. निघण्याआधी नाना पंधरा दिवस सायकलवर फिरत होते. नाना बैलांचा व्यापार करत. आजूबाजूच्या गावांत ज्यांच्याशी व्यवहार झाला होता त्या प्रत्येकाकडे ते गेले. एका कास्तकाराला त्यांनी काही वर्षांपूर्वी बैल विकला होता, त्याच्या खुरातला दोष माहीत असून. त्यांनी जाऊन ते कबूल केले आणि फरकाचे पैसे पुढे ठेवले. त्या माणसाने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, ‘पैसे घेतो मी, भाई. पण त्या सालची पेरणी गेली ना माही, ते कुठून देसान? माफ-गिफ नाही करत मी.’ नाना बराच वेळ तिथे ओसरीवर बसून राहिले. मग उठून आले. नानीला म्हणाले, ‘एक राहिला.’

ते ‘एक राहिला’ घेऊनच ते जहाजावर चढले. मंडपातल्या शंभर ‘माफ किया’पेक्षा मला या एका नकाराची किंमत जास्त वाटते. त्या माणसाला नाही म्हणता आले, कारण नाना त्याच्या दारात गेले होते, तो नानांच्या मंडपात आलेला नव्हता. घर त्याचे होते, बैल त्याच्या गोठ्यातून गेला होता, नुकसान काय झाले हे तो नेमके सांगू शकत होता. आणि बाकीच्या दारांत ज्यांनी हो म्हटले, त्यांचा हो याच कारणाने खरा ठरतो, की त्यांनाही नाही म्हणता आले असते. अशा नकारासह केलेला हज कबूल होतो की नाही, हे ठरवणे माझ्या हाती नाही. नानांच्या हातात जेवढे होते तेवढे त्यांनी केले होते. परत आल्यावर ते जमजम आणि खजूर घेऊन त्याच्याकडे पुन्हा गेले. पुढे काय झाले असे मी नानीला विचारले, तर ती म्हणाली, ‘खजूर ठेवून घेतले त्याने. बाकी काही बोलला नाही.’ त्यानंतर दरवर्षी तुरीची नवी डाळ निघाली की त्याच्याकडून पायलीभर आमच्या घरी यायची. तीही काही न बोलता.

प्लॉटवाल्या भावाची ती बहीण मला गेल्या हिवाळ्यात एका लग्नात भेटली. भाऊ हाजी होऊन आला, तिला तस्बीह आणि अत्तर आणले, प्लॉट होता तिथेच आहे. जेवणाच्या पंगती उठल्यावर आम्ही दोघी भांड्यांच्या ढिगाजवळ उभ्या होतो. मी विचारले नव्हते, तिनेच विषय काढला. म्हणाली, ‘हिस्सा मिळाला असता तर बरे झाले असते, पोराची फी भरली असती. पण ते जाऊ दे. तो त्या दिवशी माइक सोडून आत स्वयंपाकघरात आला असता, माझ्यासमोर उभा राहून म्हणाला असता की तुझे माझ्याकडे आहे, माफ करतेस का...’ ती थांबली. मी म्हटले, ‘तर काय म्हणाली असतीस?’

ती खरकट्या ताटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘कुणी विचारलेच नाही, आपा. मला कसे माहीत असणार?’